ऊठ, खा

२०१७ सालचा खरीप यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बोंडं अशी लगडली होती की रस्त्याने जाणारा माणूस बांधावर थांबून म्हणायचा, यंदा साधलं बुवा. आणि मग बोंड फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी. वरून हिरवंगार, टणक बोंड. दोन्ही अंगठ्यांनी दाबून उकललं की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडून चिकटलेली, आणि तिच्यात नखभर लांबीची ती अळी हळूच वळवळायची. वेचणीच्या बाया पांढरा कापूस एकीकडे आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, एकीकडे टाकत होत्या. संध्याकाळी पाहिलं तर कवडीचाच ढीग मोठा.

त्याआधीच, फवारणीच्या दिवसांत, विषबाधेने जिल्ह्यातली वीसहून अधिक माणसं दगावली होती. शेकडो जण दवाखान्यात होते. आमचे हे पाठीवर पंप घेऊन निघाले की माझा जीव टांगणीला लागायचा. मी गावातल्या शाळेत शिकवते. फळ्यावर गणित मांडताना कान बाहेरच्या रस्त्याकडे असायचे, कोणी धावत निरोप घेऊन येतं का म्हणून. हे सुखरूप घरी आले, हात-पाय धुऊन जेवायला बसले, तरी माझ्या छातीतली धडधड काही थांबायची नाही. तेव्हा वाटलं, हंगाम संपला की हेही संपेल. पण हंगाम संपला तो कवडीवर. मग धडधडीला नवं निमित्त मिळालं.

रात्री तीनच्या सुमारास टक्क जाग यायची. तळहात ओले, घशाला कोरड, आणि डोक्यात आकडे. सोसायटीचं पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, लेकीच्या होस्टेलची फी, सासऱ्यांच्या डायलिसिसचा खर्च. तेच आकडे, त्याच क्रमाने. शेवटच्या आकड्याशी पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या साली गावोगाव कर्जमाफीच्या ऑनलाइन अर्जांच्या रांगा होत्या आणि आम्हीही त्या रांगेत होतो. पण अर्ज भरला म्हणून झोप येत नाही. जेवण कमी होत गेलं. भाकरीचा घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. शाळेतून आले की भिंतीला टेकून बसून राहायचं, दिवा लावायचंही सुचत नसे.

आमचं ख्रिस्ती कुटुंब. गावात मोजकीच ख्रिस्ती घरं आहेत आणि टिनाचं छप्पर असलेलं छोटंसं चर्च. रविवारी उपासना, गुरुवारी संध्याकाळी बायांची प्रार्थना सभा, कोणाच्या ना कोणाच्या घरी. सभेत प्रत्येकीने साक्ष द्यायची, देवाने या आठवड्यात काय केलं ते सांगायचं. त्या दिवसांत माझी पाळी आली की शब्द सुचत नसत. मी "देव चांगला आहे" म्हणून खाली बसत असे. ते खोटं नव्हतं. पण घशात जे अडकलं होतं ते त्या वाक्याने निघत नव्हतं. आणि आजूबाजूला सगळ्या हल्लेलुया म्हणत असताना आपल्यालाच रडू येतं, याचं एक वेगळंच ओझं असतं.

आमच्या मंडळीत एक म्हातारी आहे. सगळे तिला माय म्हणतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला कंपनीत, शेत ठेक्याने दिलेलं. वाचता जेमतेम येतं. एका दुपारी ती आली, कमरेला पदर खोचलेला, हातात फडकं. फडक्यात ज्वारीची ऊन ऊन भाकर, जवसाची चटणी आणि वाटीत आंबाडीची भाजी. मी उठून चटई टाकली आणि सवयीने म्हटलं, "जय ख्रिस्त, माय. आधी प्रार्थना करता का?"

"पयले खाय," ती म्हणाली. "प्रार्थना कुठी पळून चालली का? पोटात अन्न नसन त माणसाले देवाचं काय आयकू येते?"

ती समोर बसून राहिली. माझा घास थांबला की भाजीची वाटी पुढे सरकवायची, बोलायची नाही. अर्धी भाकर गेली पोटात. मग म्हणाली, नीज आता. मी म्हटलं, भांडी पडली आहेत. "मी मेली नाई अजून," ती म्हणाली आणि मोरीकडे गेली. भांड्यांचा आवाज येत होता आणि त्या आवाजात मला झोप लागली. भर दुपारी, कित्येक आठवड्यांनंतर. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. माय दाराशी बसून आमची तूर निवडत होती. तेव्हा तिने प्रार्थना केली, ती एवढीशीच: "हे बापा, हे लेक थकली. तुले त दिसतेच. तिले झोप दे, आन आम्हाले तिच्यासंग राहू दे. आमेन."

मी लहानपणापासून प्रार्थना ऐकत आले आहे. मोठमोठ्या सभांमधल्या, घामाघूम होऊन केलेल्या, तासतासभर चाललेल्या. त्यांचा मला अनादर नाही. पण त्या तीन वाक्यांनी जे केलं ते आधी कशाने केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी पवित्र शास्त्रातला पहिल्या राजेच्या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढला. एलीया संदेष्ट्याची गोष्ट संडे स्कूलपासून पाठ होती, पण आम्हांला नेहमी शिकवलेला एलीया म्हणजे कर्मेल डोंगरावरचा, ज्याच्या प्रार्थनेने स्वर्गातून अग्नी उतरला तो. त्याच्या पुढच्याच अध्यायात तो कोलमडतो. ईजबेल राणी त्याच्या जिवावर उठते. तो पळत सुटतो, बैर-शेब्याला सोबतच्या गड्याला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट रानात चालून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे झालं, माझा जीव घे.

आमच्या भागात हे वाक्य किती घरांत मनातल्या मनात बोललं गेलं असेल, ते विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि देव काय करतो? मला वाटलं होतं, रागावेल. विश्वास कुठे गेला, असं विचारेल. कालच तर अग्नी पाडला ना मी तुझ्यासाठी, म्हणेल. यातलं काहीच नाही. एलीया झोपतो आणि देव त्याला झोपू देतो. मग देवदूत येतो, त्याला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा हात लावतो, पुन्हा खायला सांगतो, कारण तुला पुढे लांबचा पल्ला आहे. एवढं झाल्यावर, चाळीस दिवस चालून एलीया होरेब डोंगरावर पोचल्यावर, देव त्याच्याशी बोलतो. वाऱ्यातून नाही, भूकंपातून नाही, अग्नीतून नाही; शांत, मंद वाणीतून. बोलतो म्हणजे काय, तर विचारतो, तू इथे काय करतोस? एलीया आपली सगळी तक्रार सांगतो. देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो, तो पुन्हा तीच तक्रार, शब्दाला शब्द, सांगतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. मग त्याला पुढचं काम देतो, अलीशा नावाचा सोबती देतो, आणि सांगतो की तू एकटा उरलेला नाहीस, अजून सात हजार आहेत.

क्रम पाहा. झोप, स्पर्श, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. मग ऐकून घेणं. मग काम आणि सोबत. उपदेश त्यात जवळजवळ नाहीच. जेमतेम वाचता येणाऱ्या मायने त्या दुपारी हाच क्रम पाळला होता.

भाकरीवरून आमच्या घरांना एक टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला आहे: भाकरीसाठी बाटले. लहानपणी शाळेत मीही ऐकला आहे. त्यामागे इतिहास आहे, तो नाकारण्याचं कारण नाही. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड आणि मध्य प्रांत उजाड केले. गावंच्या गावं रस्त्यावर आली. पंडिता रमाबाई त्या पहिल्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना पुण्याकडे घेऊन गेल्या. इकडे वऱ्हाडातही मिशनच्या लोकांनी अनाथालयं काढली. आमच्या यांची पणजी अशाच एका अनाथालयात पोचलेली पोर. आईबाप वाटेतच गेले. घरात सांगतात की तिथे तिला पहिले काही दिवस पोटभर दिलंच नाही, थोड्या थोड्या वेळाने वाटीभर कण्यांची पेज द्यायचे, कारण उपाशी पोटाला एकदम अन्न सोसत नाही. इतक्या जपणुकीने कोणीतरी तिला जगवलं. तिने पुढे बाप्तिस्मा घेतला, लग्न झालं, लेकरं झाली, शेत झालं.

तेव्हा टोमणा मारणाऱ्याला मी आता मोकळेपणाने म्हणते, हो, भाकरीपासूनच सुरुवात झाली. एलीयाचीही तिथूनच झाली. याईराची मेलेली मुलगी उठून बसली तेव्हा सगळे थक्क होऊन पाहत राहिले, आणि येशूने सांगितलं काय, तर तिला खायला द्या. पुनरुत्थानानंतर तो समुद्रकाठी शिष्यांना भेटला तेव्हा रात्रभर राबून दमलेल्या त्या माणसांसाठी त्याने निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर करून ठेवली होती, आणि त्याचे शब्द होते, "या, न्याहारी करा." त्यातल्याच पेत्राने त्याला तीन वेळा नाकारलं होतं. त्याविषयीचं बोलणं झालं, पण न्याहारी झाल्यावर. भाकर देणारा देव मला कमीपणाचा वाटत नाही. शरीराला वगळून नुसत्या आत्म्याशी बोलणारा देव आमच्यासारख्या कास्तकारांच्या घरात राहिला नसता.

दवाखान्याचंही सांगितलं पाहिजे, कारण याबाबतीत आपल्या मंडळ्यांमध्ये फार गोंधळ आहे. मायच्याच सांगण्यावरून आम्ही यवतमाळला गेलो. ईसीजी निघाला, रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, सगळं ठीक. मग तिथल्या डॉक्टरांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत असं बजावलं. हे मंडळीत कळलं तेव्हा एकदोघी म्हणाल्या, प्रार्थनेत कमी पडलं म्हणून गोळ्यांवर जावं लागलं. त्यांचं मन वाईट नव्हतं. पण हे वाक्य आजारी माणसाला फार खोल लागतं, आणि मी ते आता कोणालाही बोलू देत नाही.

ज्या मंडळ्यांनी विदर्भात दवाखाने उभारले त्यांनीच गोळीला अविश्वास म्हणावं का? वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, आमच्या जिल्ह्यातलं उमरीचं मिशन हॉस्पिटल, अचलपूरजवळ कोठाऱ्याचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना. महारोग झालेल्या माणसाला घरचे लोक उंबऱ्याबाहेर काढायचे, तेव्हा कोठाऱ्याला त्याच्या जखमा धुतल्या जायच्या. जखम धुणाऱ्यांनी त्याला नुसती प्रार्थना देऊन वाटेला लावलं नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौलाने "प्रिय वैद्य" म्हटलं आहे, आणि त्याच पौलाने पोटाच्या दुखण्यासाठी तीमथ्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आहे. आमच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी हे दोन्ही दाखले देऊन विषय मिटवला. माझा अनुभव तर असा की गोळीने धडधड उतरली तेव्हाच मला नीट प्रार्थना करता येऊ लागली.

प्रार्थनाही बदलली. पूर्वी मी देवासमोर नीटनेटकी जायचे, पाहुण्यांसमोर जावं तशी. त्या वर्षात मी स्तोत्रसंहिता पहिल्यापासून वाचायला घेतली, आणि लक्षात आलं की दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश तक्रारी आहेत. किती काळ, हे परमेश्वरा? तू मला का विसरलास? माझी आसवंच माझा आहार झाली आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधारात आहे. त्यात शेवटीही उजाडत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. कोणी काढून टाकलं नाही, कोणी त्याला दोन आनंदाच्या ओळी जोडल्या नाहीत. ते वाचून मला जो धीर आला तो विजयाच्या गाण्यांनी आला नव्हता. मी रात्री तीनला उठून देवाला आकडे सांगू लागले. रुपयांत. सोसायटीचे इतके, कृषी केंद्राचे इतके. आणि म्हणायचे, आता तू सांग. उत्तर येत नसे. पण आकडे डोक्यात फिरत राहण्यापेक्षा कोणाला तरी सांगून झालेले असायचे, आणि मी बेचाळिसाव्या स्तोत्रातली एकच ओळ हळूहळू म्हणत पडून राहायचे: "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" कधी झोप लागायची, कधी नाही.

येशू स्वतः गेथशेमाने बागेत शिष्यांना म्हणाला होता की माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे, आणि तुम्ही इथे राहून माझ्याबरोबर जागे राहा. मला हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. त्याने सोबत मागितली. देवाच्या पुत्राला त्या रात्री एकट्याने प्रार्थना करणं पुरलं नाही. त्याला जवळ माणसं हवी होती. ती झोपली, ही गोष्ट वेगळी. मग आम्हांला माणसांची गरज लागते तर त्यात विश्वासाचं काय उणं झालं?

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." हे वचन आमच्या चर्चच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. त्याच्या पुढे येशू लगेच जुवाविषयी बोलतो, माझे जू आपणांवर घ्या, माझे जू सोयीचे आहे. पूर्वी मला हे चमत्कारिक वाटायचं. विसावा द्यायचा आणि वर जू? याचा उलगडा मला पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, गोठ्यात. आमच्याकडे बैलांची पूजा होत नाही, पण खांदशेकणी होते. ती सासऱ्यांनी कधी चुकू दिली नाही. कोमट तुपात हळद कालवायची, पळसाच्या पानाने ती बैलाच्या खांद्याला लावून हलक्या हाताने शेकायचं, जिथे वर्षभर जू घासून घासून कातडं जाड झालेलं असतं नेमकं तिथे. गावात त्या वेळी बैलाला म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या वर्षी सासऱ्यांना उभं राहवत नव्हतं म्हणून मी शेकत होते. बैलाने मान खाली सोडली, डोळे अर्धे मिटले आणि सगळा भार माझ्या हातावर टाकून दिला. परवा पुन्हा डवऱ्याला जुंपला जाणार, हे ठरलेलंच होतं. पण ज्याच्या हातात कासरा होता त्याच्याच घरचा हात आज त्याच्या खांद्यावर होता, आणि दुखरी जागा नेमकी कुठे आहे ते त्या हाताला ठाऊक होतं. विसावा म्हणजे शेतातून कायमची सुटका, असं मी धरून चालले होते. कर्ज फिटेल, भाव मिळेल, मग शांती. येशूने तसं वचन दिलेलं नाही. त्याने दिलं आहे ते हे, की जू असेल, पण धनी मी असेन.

त्यानंतरही वर्षं काही सोपी गेली नाहीत. सासरे गेले. २०२३ साली सोयाबीन पिवळं पडलं, यलो मोझॅकने. पण त्या वर्षी मी जेवत होते. यातला फरक ज्याने दोन्ही पाहिलं आहे त्यालाच कळेल.

गाण्याचाही यात वाटा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्याआधी काही काळ ते आमच्या नागपुरात राहिलेले. त्यांनी ख्रिस्ताची गीतं अभंगांत आणि ओव्यांत बांधली, म्हणून ती आमच्या जिभेवर सहज बसतात. पेटी, तबला आणि झांज घेऊन बाया गायला लागल्या की बाहेरून जाणाऱ्याला कुठल्या तरी देवळात भजन चाललं आहे असंच वाटावं. जिवाची घालमेल होत असताना लांब ओळ एका दमात म्हणावी लागली की श्वास आपोआप लांबतो. डॉक्टरांनीही मला सावकाश श्वास सोडायला सांगितलं होतं. मला ते व्यायाम म्हणून जमलं नाही, गाणं म्हणून जमलं.

आमच्या गुरुवारच्या सभेची रीत आता थोडी बदलली आहे. आधी चहा आणि काहीतरी खाणं, मग गाणं, मग वचन. साक्ष ज्या बाईला द्यायची तिने द्यावी. जिला रडायचं आहे तिने रडावं, तिला कोणी गप्प करत नाही आणि कोणी वचनं सुनावत नाही. कोण गोळ्या घेतं ते उघड बोललं जातं. चर्चच्या सूचना फलकावर उपासनेच्या वेळांखाली मी खडूने १४४१६ हा नंबर लिहून ठेवला आहे. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, फोनला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. खडू पुसला की पुन्हा लिहिते. आमच्या चर्चला कधी न येणारे दोघे-तिघे कास्तकार तो नंबर मोबाइलमध्ये उतरवून घेऊन गेले, याचा मला फार आनंद आहे.

मागच्या गुरुवारी एक तरुण सून सभा संपल्यावर मागे रेंगाळली. चप्पल घालता घालता म्हणाली, "बाई, मले रात्री झोपच नाई येत. सासूबाई म्हणते उपास धर." मी तिला विचारलं, आज जेवलीस का? नाही म्हणाली. मायच्या घरी त्या दिवशी सभा होती. मायने चूल अजून विझवली नव्हती. सोमवारी मी शाळेतून किरकोळ रजा घेतली आहे, सकाळच्या एसटीने तिला यवतमाळला घेऊन जायचं आहे. तिची सासूही येते म्हणाली आहे.